गिळलेला राग : किंग्जली एमिस यांची ‘लकी जिम’

‘लकी जिम’ ही किंग्जली एमिस यांची पहिली प्रकाशित कादंबरी. लंडनच्या व्हिक्टर गोलान्झ या प्रकाशनसंस्थेने ती जानेवारी 1954मध्ये काढली. त्या वेळी एमिस 31 वर्षांचे होते आणि वेल्समधल्या स्वान्सी येथील युनिव्हर्सिटी कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. कादंबरीचा नायक जिम डिक्सन हाही व्याख्याताच, पण इतिहासाचा आणि हंगामी. पहिले वर्ष संपत आले आहे आणि नोकरी टिकणार की जाणार याचा निकाल लागायचा आहे. त्याला आपला विषय आवडत नाही, विभागप्रमुख आवडत नाहीत, ते गाव आवडत नाही आणि जिच्याशी त्याचे नाव जोडले गेले आहे ती सहकारी बाईही मनातून नकोशी आहे. यातले काहीच त्याला कुणापाशी बोलता येत नाही. कादंबरीतला विनोद या कोंडीतून येतो आणि रागही तिथूनच.

विसाव्या शतकातल्या इंग्रजी विनोदी कादंबऱ्यांत हे पुस्तक नेहमी वरच्या रांगेत बसवले जाते. ते योग्यच आहे. मात्र या कौतुकात एक गोष्ट झाकली जाते. जिम डिक्सन हा अयशस्वी माणूस आहे. त्याला शिकवता येत नाही, संशोधन जमत नाही, स्पष्ट बोलायचे धाडस नाही, नको असलेल्या नात्यातून बाहेर पडण्याइतकी हिंमत नाही. त्याच्या अडचणी दुसऱ्यांनी निर्माण केल्या तशा त्याने स्वतःही केल्या आहेत, आणि एमिस यांनी ते लपवलेले नाही. वाचक हसतो खरा, पण पानोपानी तो एका घाबरलेल्या, चिडलेल्या माणसाच्या सहवासात असतो.

ही चीड समजून घ्यायची तर युद्धोत्तर इंग्लंडकडे वळावे लागते. दुसरे महायुद्ध संपता संपता, 1944मध्ये, आलेल्या शिक्षण कायद्याने माध्यमिक शिक्षण सर्वांसाठी मोफत केले. युद्धावरून परतलेल्या तरुणांना सरकारी अनुदानावर विद्यापीठात जाता आले. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या बाहेर, औद्योगिक गावांमधली कॉलेजे भरू लागली. त्यांतली काही तर अजून पूर्ण विद्यापीठेही नव्हती. तिथले विद्यार्थी लंडन विद्यापीठाच्या परीक्षा देऊन पदवी मिळवत. लीस्टरचे कॉलेज असेच होते, त्याला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा 1957मध्ये मिळाला. अशा ठिकाणी कारकुनांची, दुकानदारांची, कामगारांची मुले पहिल्यांदाच प्राध्यापक म्हणून उभी राहू लागली. पदवी त्यांच्याकडे होती. मात्र या जगात वावरण्याची घरंदाज रीत, म्हणजे कोणते संगीत ऐकायचे, कोणत्या चित्रकाराविषयी आदराने बोलायचे, कोणत्या घरी कसे बसायचे, ही त्यांच्या घरात कुणी शिकवलेली नव्हती. जिम डिक्सन हा त्यांच्यातलाच एक. युद्धात तो हवाई दलात कॉर्पोरल होता, तेही स्कॉटलंडच्या पश्चिम भागात, लढाईपासून दूर. त्याचा विद्यार्थी मिची मात्र इटलीत अँझिओच्या आघाडीवर रणगाड्यांच्या तुकडीचा प्रमुख होता. शिक्षकापेक्षा विद्यार्थी अनुभवाने मोठा आणि अभ्यासाने पक्का, ही त्या वर्षांत अनेक वर्गांमधली वस्तुस्थिती होती. एमिस यांनी तिचा अर्क मिचीच्या नम्र, चिकट प्रश्नांत उतरवला आहे.

काळ टंचाईचाही होता. ब्रिटनमधले रेशनिंग पूर्णपणे उठले ते जुलै 1954मध्ये, म्हणजे कादंबरी बाजारात आल्यावर सहा महिन्यांनी. डिक्सन सिगारेटी मोजून, तासांच्या हिशेबाने ओढतो आणि ठरवलेल्या तासाआधीच पुढची पेटवतो. त्यामागे पैशाची चणचण आहे. भाड्याच्या खोल्या, घरमालकिणीकडचा ठरावीक नाश्ता, महिनाअखेरीचे पैसे, बिअरचा हिशेब या तपशिलांना कादंबरीत विनोदाइतकीच जागा आहे. त्याआधीच्या इंग्रजी कादंबरीतल्या प्राध्यापकांना पैशाची अशी काळजी सहसा नसे.

एमिस यांचा जन्म 16 एप्रिल 1922 रोजी दक्षिण लंडनमध्ये झाला. वडील मोहरीसाठी प्रसिद्ध असलेल्या कोलमन्स कंपनीत कारकून होते. शिष्यवृत्त्यांच्या बळावर मुलगा सिटी ऑफ लंडन स्कूलमध्ये आणि तिथून 1941मध्ये ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स कॉलेजात पोचला. तिथे पहिल्याच काही आठवड्यांत त्यांची गाठ कवी फिलिप लार्किन यांच्याशी पडली आणि ती मैत्री आयुष्यभर टिकली. दोघांनाही जॅझचे वेड, दोघांनाही ढोंगाचा तिटकारा, आणि नक्कल करण्यात एमिस यांचा हात धरणारा कुणी नव्हता. युद्धात एमिस यांनी सैन्याच्या सिग्नल विभागात काम केले, परतल्यावर 1947मध्ये पहिल्या वर्गात पदवी घेतली, 1948मध्ये हिलरी बार्डवेल यांच्याशी लग्न केले आणि 1949मध्ये स्वान्सीला नोकरी धरली. दुसरा मुलगा मार्टिन, पुढे स्वतः नामवंत कादंबरीकार झालेला, त्याच वर्षी जन्मला.

याच सुमारास ऑक्सफर्डमध्ये त्यांचा एक पराभव झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या इंग्रजी कवितेवर आणि तिच्या वाचकवर्गावर त्यांनी लिहिलेला प्रबंध परीक्षकांनी नाकारला. परीक्षकांत लॉर्ड डेव्हिड सेसिल होते, ज्यांचे मार्गदर्शन एमिस यांनी आधी सोडून दिले होते. त्यांची पहिली कादंबरी ‘द लेगसी’ही प्रकाशकांकडून परत आली आणि कधीच छापली गेली नाही. पहिल्या वर्गाची पदवी, हातात एक नाकारलेला प्रबंध आणि एक नाकारलेली कादंबरी, घरात दोन लहान मुले आणि बेताचा पगार: ‘लकी जिम’ लिहायला बसलेल्या माणसाची परिस्थिती ही होती. तिचा आणि जिमच्या रागाचा संबंध जोडण्याचा मोह टाळण्याचे काही कारण नाही, फक्त तो एकास एक जोडू नये. एमिस यांना आपला विषय मनापासून आवडत असे आणि शिक्षक म्हणूनही ते विद्यार्थ्यांत लोकप्रिय होते. जिमला यातले काही दिलेले नाही.

कादंबरीचे बीज लीस्टरचे. लार्किन तिथल्या कॉलेजच्या ग्रंथालयात 1946पासून काम करत होते. त्यांना भेटायला गेलेल्या एमिस यांनी प्राध्यापकांच्या विश्रांतिकक्षात काही वेळ काढला आणि इथे एक अख्खे जग आहे, त्यावर अजून कुणी लिहिलेले नाही, हे त्यांच्या लक्षात आले. नायकाचे आडनावही लीस्टरमधल्या, लार्किन राहत त्या डिक्सन ड्राइव्ह या रस्त्यावरून आले. जिमचे विभागप्रमुख प्राध्यापक वेल्श यांच्यासाठी नमुना घरातच मिळाला: सासरे लेनर्ड बार्डवेल हे लोकनृत्यांचे आणि जुन्या ग्रामीण रीतिरिवाजांचे भक्त होते, आणि जावई त्यांच्या सहवासात मनातल्या मनात धुमसत असत. जिमची सहकारी मार्गारेट पील या पात्रामागे लार्किन यांची दीर्घकाळची मैत्रीण, लीस्टरला इंग्रजी शिकवणाऱ्या मोनिका जोन्स होत्या असे मानले जाते. ते साम्य लार्किन यांना खटकले नसते तरच नवल.

पहिल्या मसुद्याचे नाव ‘डिक्सन अँड क्रिस्टीन’ होते, म्हणजे भर प्रेमकथेवर होता. लार्किन यांनी तो वाचून निर्दयपणे काटछाट सुचवली. एमिस यांनी जवळजवळ सगळे पुन्हा लिहिले आणि कथनाचा कॅमेरा जिमच्या खांद्यावरून हलू दिला नाही. छापण्याआधी, एप्रिल 1953मध्ये, लेखक जॉन वेन यांनी बीबीसीच्या थर्ड प्रोग्रॅमवर त्यातला एक भाग वाचून घेतला. गोलान्झकडे काम करणारे हिलरी रुबिनस्टाइन एमिस यांचे ऑक्सफर्डचे ओळखीचे, त्यांनी पुस्तक संस्थेकडे आणले. अर्पणपत्रिका लार्किन यांच्या नावे आहे. पुस्तकाला एवढे यश मिळाल्यावर आपल्या वाट्याला अर्पणपत्रिकाच आली, ही सल लार्किन यांच्या मनात पुढे राहिली.

कथानक साधे आहे. एका अनाम गावातल्या अनाम कॉलेजात जिम मध्ययुगीन इतिहास शिकवतो. हा विषय त्याने आवडीने घेतलेला नाही. तो स्वतः लीस्टरला शिकत असताना मध्ययुगाचे पेपर सोपे समजले जात, म्हणून त्याने ते निवडले. आता आयुष्यभर तेच त्याच्या गळ्यात आहे. नोकरी पक्की व्हायची तर विभागप्रमुख नेड वेल्श यांचे मन राखायला हवे आणि एखादा शोधनिबंध छापून यायला हवा. निबंध त्याने लिहिला आहे, 1450 ते 1485 या काळातल्या जहाजबांधणी तंत्रातील बदलांच्या आर्थिक परिणामांवर. तो किती निरुपयोगी आहे हे त्याच्याइतके कुणालाच ठाऊक नाही. डॉ. एल. एस. केटन नावाचे एक संपादक तो स्वीकारतात, मग पत्रांना उत्तरे देणे थांबवतात, दक्षिण अमेरिकेत प्राध्यापकपद मिळवून निघून जातात, आणि शेवटी कळते की निबंध इटालियन भाषेत त्यांच्याच नावावर छापला गेला आहे. (केटन हे नाव एमिस यांनी एका प्रत्यक्षातल्या प्रकाशकाच्या आडनावावरून घेतले, पुढच्या काही कादंबऱ्यांतही ते केटनला क्षणभर आणत राहिले आणि 1966च्या ‘द अँटी-डेथ लीग’मध्ये त्यांनी त्याला संपवून टाकले.)

वेल्श जिमला शनिवार-रविवारसाठी आपल्या घरी बोलावतात. तिथे पाहुण्यांनी मिळून जुनी अनेकस्वरी गाणी म्हणायची असतात. जिमला स्वरलिपी वाचता येत नाही. तो नुसते तोंड हलवत उभा राहतो, संधी मिळताच दारूच्या गुत्त्यात पळतो, रात्री उशिरा परततो आणि सिगारेट पेटती ठेवून झोपी जातो. सकाळी डोळे उघडतात तेव्हा पांघरूण, चादर आणि गालिचा जळलेला असतो. दारूच्या अमलानंतरच्या त्या सकाळचे वर्णन इंग्रजी विनोदी गद्यातला एक नमुना म्हणून आजही सांगितले जाते. जळलेल्या चादरी लपवायला त्याला मदत करते क्रिस्टीन कॅलहन, वेल्श यांच्या चित्रकार मुलाची, बर्ट्रंडची, मैत्रीण. इथून प्रेमकथा सुरू होते. एकीकडे झोपेच्या गोळ्या घेऊन नुकतीच वाचलेली मार्गारेट, दुसरीकडे क्रिस्टीन. एकीकडे नोकरी, दुसरीकडे बर्ट्रंडची मग्रुरी. उन्हाळ्यातला नृत्यसमारंभ, बर्ट्रंडशी मारामारी आणि ‘आनंदी इंग्लंड’ या विषयावर द्यायचे जाहीर व्याख्यान या टप्प्यांनी गोष्ट पुढे सरकते.

जिमला राग येतो तो नेहमी त्याच्या डोक्यात येतो आणि तिथेच राहतो. तोंडातून निघते ते मऊ, सभ्य, कधी कधी खुशामतीचे. वेल्श बासरीसारख्या जुन्या वाद्यांच्या मैफिलीविषयी बोलत असतात, जिम होकार देत असतो, आणि त्याच वेळी वेल्श यांना उचलून संडासात कोंबावे, साखळी ओढावी आणि तोंडात कागद भरावेत अशी तपशीलवार कल्पना करत असतो. एमिस ही कल्पना एखाद्या कामाच्या योजनेसारखी क्रमाने, शांतपणे लिहितात. तापट शब्द एकही वापरत नाहीत. विनोद या शांतपणात आहे. हिशेबी वाक्य जितके नेटके, तितका आतला संताप मोठा वाटतो.

या रागाला निचरा होण्याच्या तीन वाटा आहेत. पहिली म्हणजे चेहरे. एकटा असताना जिम आरशासमोर किंवा पाठ वळताच वेडीवाकडी तोंडे करतो आणि प्रत्येकाला त्याने नाव दिलेले असते: मंगळावरून आलेल्या आक्रमकाचा चेहरा, कवयित्री ईडिथ सिटवेल यांचा चेहरा, आणि असे कितीतरी. दुसरी वाट म्हणजे नक्कल. दूरध्वनीवर तो वर्तमानपत्राचा वार्ताहर बनतो, खोट्या नावाने लिहिलेल्या एका पत्रात अर्धशिक्षित कामगार बनतो. तिसरी वाट छोट्या विध्वंसाची. शेजारच्या खोलीत राहणाऱ्या, ओबो वाजवणाऱ्या जॉन्सच्या मासिकावरील संगीतकाराच्या छायाचित्राला तो मिशा-दाढी काढून ठेवतो, पुढे त्याच्या विम्याची कागदपत्रे जाळतो. या कृती बालिश आहेत आणि कादंबरी त्यांना शौर्य म्हणून सादर करत नाही. ज्याच्यावर पोट अवलंबून आहे त्याच्यावर राग काढता येत नाही, म्हणून तो जॉन्सच्या मासिकावर निघतो. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या मराठी वाचकाला ही अवस्था समजावून सांगावी लागणार नाही. विभागप्रमुखांच्या घरच्या कार्यक्रमाला ‘वेळ मिळाला तर या’ असे म्हटले जाते त्याचा अर्थ त्याला चांगला ठाऊक असतो.

व्याख्यानाच्या प्रसंगात आतला आणि बाहेरचा जिम पहिल्यांदा एकमेकांना भेटतात. व्याख्यानाआधी तो प्राचार्यांकडे शेरी पितो, मग क्रिस्टीनच्या मामांनी, श्रीमंत कलाश्रयदाते गोर-अर्कहार्ट यांनी, पुढे केलेली व्हिस्की. सभागृह भरलेले, डोळ्याखाली मारामारीचा काळा वण. तो बोलायला लागतो आणि त्याच्या ध्यानात येते की आपण वेल्श यांच्या आवाजात बोलत आहोत. तो सावरायला जातो आणि प्राचार्यांच्या आवाजात शिरतो. मग उत्तरेकडचे ठसकेबाज उच्चार, मग एक कर्कश लष्करी सूर. वर्षभर ज्यांची नक्कल चोरून केली ते सगळे आवाज व्यासपीठावर त्याच्या ताब्यातून सुटतात. सर्वांत शेवटी, स्वतःच्या आवाजात, तो जुन्या इंग्लंडच्या आनंदी दिवसांविषयी आपले खरे मत सांगतो: तो काळ मुळीच आनंदी नव्हता. आणि कोसळतो. वर्षभरात या शिक्षकाने खरेपणाने शिकवलेला एवढाच एक धडा, आणि त्याबद्दल त्याला नोकरीवरून काढून टाकले जाते. कादंबरीत वर्ग असा जवळजवळ नाहीच, हेही या संदर्भात पाहण्यासारखे आहे. विद्यार्थी जिमला भेटतात ते बहुधा मार्गिकेत. पुढच्या वर्षीच्या विशेष अभ्यासक्रमाला मिचीने येऊ नये आणि तीन देखण्या विद्यार्थिनींनी यावे, एवढीच त्याची अध्यापनविषयक महत्त्वाकांक्षा. ज्ञानदानाच्या पवित्र्याला इतका थंड नकार त्याआधी क्वचितच कुणी दिला होता.

मात्र एका ठिकाणी एमिस विनोद बाजूला ठेवतात. बीझली या सहकाऱ्याशी झालेल्या एका संवादात विषय निघतो परीक्षांचा: सरकारी अनुदानावर येणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या राखायची म्हणून उत्तीर्णतेची पातळी खाली आणण्याचा दबाव. कादंबरीतला हा तुकडा लहान आहे. सहा वर्षांनी, 1960मध्ये, एमिस यांनी ‘एन्काउंटर’ मासिकात विद्यापीठांच्या विस्ताराविरुद्ध लेख लिहिला आणि जास्त विद्यार्थी म्हणजे खालावलेले शिक्षण अशी भूमिका मांडली, तेव्हा ‘लकी जिम’ला डाव्या विचारांचे पुस्तक समजणाऱ्यांना धक्का बसला. कादंबरी नीट वाचली असती तर तो बसला नसता.

मार्गारेट पील हे कादंबरीचे सर्वांत अवघड पात्र आहे. ती जिमची वरिष्ठ सहकारी; एका प्रेमभंगानंतर तिने आत्महत्येचा प्रयत्न केला, आणि तेव्हापासून जिमला तिच्याविषयी दया, भीती आणि अपराधी भावना यांच्या मिश्रणाने बांधून ठेवले आहे. तिचे कपडे, तिचे हसणे, तिची नाटकी वाक्ये यांकडे कथन सतत जिमच्या कंटाळलेल्या नजरेने बघते. शेवटी कॅचपोल नावाचा तिचा आधीचा मित्र भेटतो. आत्महत्येच्या प्रयत्नाच्या संध्याकाळी मार्गारेटने कॅचपोलप्रमाणे जिमलाही येण्याचे सुचवले होते, म्हणजे वेळेवर कुणीतरी आपल्याला शोधेल अशी व्यवस्था केली होती, असे त्या दोघांच्या बोलण्यातून उघड होते. या उलगड्याने जिम मोकळा होतो. वाचक तितका सहज मोकळा होत नाही. जिच्या वागण्यामागे एकटेपण आणि कुरूप ठरवले गेल्याचे दुःख स्पष्ट दिसते तिला कादंबरी एका पुराव्याने निकालात काढते आणि देखण्या क्रिस्टीनला बक्षीस म्हणून पुढे ठेवते. स्त्रीवादी समीक्षेने यावर बोट ठेवले ते रास्त आहे. जिम अपयशी असून वाचकाची सहानुभूती मिळवतो. मार्गारेटही तितकीच अपयशी, तिला ती मिळत नाही. खरे तर मार्गारेटची वाक्ये एमिस यांनी इतकी अचूक लिहिली आहेत की कथनाने ठरवून दिलेल्या निकालापेक्षा ती पात्र म्हणून मोठी होते.

शेवट नावाप्रमाणे नशिबाचा आहे. बर्ट्रंडचा ज्या नोकरीवर डोळा होता, ती गोर-अर्कहार्ट यांच्या सचिवाची लंडनमधली नोकरी वर्षाला 500 पौंडांवर जिमला मिळते. त्याच्याकडे पात्रता आहे म्हणून नव्हे, तर त्याच्यात अपात्रतेची नेहमीची लक्षणे नाहीत म्हणून. व्यवस्थेवर चिडलेल्या माणसाची सुटका एका श्रीमंत आश्रयदात्याच्या मर्जीने होते, यावर अनेक समीक्षकांनी नाक मुरडले. पण जिम हा बंडखोर आहे असा दावा कादंबरीने कुठेच केलेला नाही. त्याला जग बदलायचे नाही, त्याला वेल्श यांच्या घरातून बाहेर पडायचे आहे. छान गोष्टी वाईट गोष्टींपेक्षा छान असतात, हा त्याचा साधा सिद्धान्त. तो विचारवंताचा नाही, पण एका भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या माणसाचा म्हणून खरा आहे.

पुस्तक निघताच गाजले आणि पहिल्याच वर्षी अनेकदा छापावे लागले. त्याला 1955चा सॉमरसेट मॉम पुरस्कार मिळाला. गंमत अशी की ज्यांच्या नावाचा आणि पैशाचा तो पुरस्कार, त्या मॉम यांनीच त्याच वर्षाअखेरीस ‘संडे टाइम्स’मध्ये एमिस यांच्या लेखनगुणांची तारीफ करतानाच, सरकारी पैशावर विद्यापीठात येणाऱ्या जिमसारख्यांच्या अख्ख्या वर्गाला समाजाचा गाळ ठरवले. पुरस्काराची अट परदेशप्रवासाची. परदेशाचा कंटाळा असलेले एमिस पोर्तुगालला गेले आणि त्या नाइलाजातून ‘आय लाइक इट हिअर’ ही 1958ची कादंबरी निघाली.

‘संतप्त तरुण’ हा शिक्का नंतरचा आहे. जॉन ऑस्बर्न यांचे ‘लुक बॅक इन अँगर’ हे नाटक मे 1956मध्ये लंडनच्या रॉयल कोर्ट नाट्यगृहात आले, त्याच्या प्रसिद्धीत हा शब्दप्रयोग रुजला आणि वर्तमानपत्रांनी तो मागे नेऊन एमिस, वेन आदींनाही चिकटवला. एमिस यांना तो मान्य नव्हता. 1957मध्ये या पिढीच्या लेखकांचा ‘डिक्लरेशन’ नावाचा जाहीरनामेवजा संग्रह निघाला तेव्हा त्यांनी त्यात लिहायचे नाकारले. फरक खरोखर आहे. ऑस्बर्न यांचा जिमी पोर्टर राग बोलून दाखवतो, दुसऱ्याच्या अंगावर ओततो. जिम डिक्सन तो गिळतो. दोघांची नावे जवळजवळ सारखी असल्यामुळे त्यांची गल्लत अधिकच होत राहिली. त्याच 1957 साली जॉन बोल्टिंग यांनी कादंबरीवर चित्रपट काढला. इयन कार्मायकल जिम झाले, टेरी-थॉमस बर्ट्रंड. चित्रपट हसवतो, पण त्यात डोक्यातला जिम हरवतो, कारण कॅमेऱ्याला फक्त बाहेरचा दिसतो.

विद्यापीठीय कादंबरीचा उगम ‘लकी जिम’मध्ये आहे असे म्हणणे चूक ठरेल. सी. पी. स्नो यांची ‘द मास्टर्स’ 1951ची, अमेरिकेत मेरी मॅकार्थी यांची ‘द ग्रोव्हज ऑफ अ‍ॅकेडेम’ 1952ची. स्नो यांच्याकडे मात्र जुन्या केंब्रिजचे गांभीर्य आहे. सामान्य गावातले सामान्य कॉलेज, तिथला सामान्य माणूस आणि त्याचा विनोद हे मिश्रण एमिस यांनी रूढ केले. माल्कम ब्रॅडबरी यांची पहिली कादंबरी ‘ईटिंग पीपल इज रॉन्ग’ 1959मध्ये आणि डेव्हिड लॉज यांची ‘चेंजिंग प्लेसेस’ 1975मध्ये आली ती याच वाटेने, जरी दोघांचे प्राध्यापक जिमपेक्षा बरेच शिकलेले आणि बरेच सुखी आहेत. मराठीत कॉलेजातल्या नोकरीची घुसमट आठवायची तर भालचंद्र नेमाडे यांचा चांगदेव पाटील समोर येतो, ‘बिढार’ (1975), ‘जरीला’ (1977) आणि ‘झूल’ (1979)मधला. चांगदेवाला कुणी गोर-अर्कहार्ट भेटत नाही. तो एका गावातून दुसऱ्या गावात, एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत जात राहतो. दोन लेखकांचा एकमेकांशी संबंध जोडण्याची गरज नाही, पण शेजारी ठेवून वाचल्यास नशिबाला कादंबरीत किती जागा द्यायची याविषयीची दोन टोकाची उत्तरे हाती येतात.

एमिस 1961मध्ये स्वान्सी सोडून केंब्रिजला गेले आणि दोनच वर्षांत ती नोकरी सोडली. पुढे राजकारणात ते उजवीकडे सरकले, 1986मध्ये ‘द ओल्ड डेव्हिल्स’साठी त्यांना बुकर पुरस्कार मिळाला, 1990मध्ये सर ही पदवी मिळाली आणि 22 ऑक्टोबर 1995 रोजी त्यांचे निधन झाले. चिडलेल्या इतिहासशिक्षकाकडे ते एकदा परत आले होते, 1978च्या ‘जेक्स थिंग’ या कादंबरीत. जेक रिचर्डसन ऑक्सफर्डला प्राचीन इतिहास शिकवतो, त्याची नोकरी पक्की आहे, घर आहे, प्रतिष्ठा आहे. साठीकडे झुकलेल्या या माणसाची कामेच्छा गेली आहे आणि त्यावरचे उपचार करता करता त्याला कळते की आपल्याला स्त्रिया मुळात आवडतच नाहीत. ‘लकी जिम’मध्ये जो राग वरिष्ठांवर होता आणि मार्गारेटवर फक्त अधूनमधून घसरत होता, तो इथे उघडपणे बायकांकडे वळलेला आहे. पहिल्या कादंबरीनंतर ही दुसरी वाचणाऱ्याला मार्गारेटची प्रकरणे पुन्हा उघडून पाहावीशी वाटतील.